उरलेला सोहिला

"सोहिला सोडून बाकीचं नितनेम केलं, तर चालतं का बाबाजी?"

सुजान सिंगबाबा नुकतेच दुपारचे आडवे होण्याच्या बेतात होते. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या ओसरीत त्यांची बाज, पायथ्याशी घडी केलेली चादर. त्यांनी वर पाहिलं. दारात मेहताब सिंग उभा होता.

नांदेडच्या त्या वस्तीत मेहताबचं नितनेम, रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांचा पाठ, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहाटेचा, संध्याकाळचा, झोपतानाचा सोहिला, एकही कधी चुकला नाही. आणि दुसऱ्याचा चुकला, की भर संगतीत, सगळ्या भाविकांसमोर, टोकल्याशिवाय हा गडी राहिला नाही. गुरुद्वाऱ्यात पाठ सांगणारे खुद्द ग्रंथीसुद्धा त्याच्यापुढे जपून म्हणत.

पण त्याची सात वर्षांची जीतो तापानं गेली, तेव्हापासून तो इकडं फिरकला नव्हता.

"का सोडायचा सोहिला?" बाबांनी विचारलं.

"तो चितेपाशी म्हणतात."

"रोज रात्री अंथरुणावरही म्हणतात. आपल्यात दोन्हीला एकच आहे."

"तेच तर..."

मेहताब खाली बसला आणि जमिनीकडं बघत सांगू लागला. सोहिला कानावर पडल्याशिवाय जीतोला झोप येत नसे. त्याच्या दंडावर डोकं ठेवून ती ऐकायची. मधलं पद येता येता तिचा श्वास जड व्हायचा.

"मग तिथंच थांबायचास?"

"मी?" एवढ्या दुःखातही मेहताबची मान ताठ झाली. "पाठ अर्धा टाकणारा मी नव्हे, बाबाजी. उरलेला पुरा करायचो. फक्त आवाज बारीक करायचो, तिची झोप मोडू नये म्हणून."

"आणि त्या दिवशी?"

त्या दिवशी ग्रंथी म्हणाले होते, मी म्हणतो. यानंच हट्ट धरला, माझ्या लेकीला मीच म्हणणार. ज्यांना ज्यांना त्यानं आयुष्यभर टोकलं, ते सगळे चितेभोवती हात जोडून उभे होते. मधल्या पदापर्यंत आवाज खणखणीत होता. मग तो थांबला. लाकडांकडं बघत त्यानं हाक मारली, "जीतो, जागी आहेस का गं?" पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली, तेव्हा भावानं त्याला धरून बाजूला नेलं. पुढचं ग्रंथींनी म्हटलं.

"आता रात्र झाली की तोंड उघडत नाही," मेहताब म्हणाला. "माझ्या तोंडून सोहिला संपला, तर ती मेली, बाबाजी. मग ती कायमचीच मेली..."

त्यानं काखेतली रुमालात गुंडाळलेली पोथी काढली. नितनेमाची, वडिलांच्या हातची.

"अर्धं नितनेम मला जमायचं नाही. चालत नाही म्हणालात, तर सगळंच सोडतो. ही ठेवून घ्या."

बाबांनी पोथी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वरच्या कोनाड्यात ठेवली. मग बाजेवर आडवे झाले आणि चादर थेट तोंडावर ओढून घेतली.

"म्हण," चादरीतून आवाज आला.

"काय?"

"सोहिला. मला झोप येत नाहीये."

मेहताबला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं दुःख कळलंच नाही.

"बाबाजी, ऊन डोक्यावर आहे. ही काय सोहिल्याची वेळ झाली?"

"स्मशानात रात्र होती?"

उठून चालू पडावं असं मेहताबच्या मनात आलं. पण कोनाड्यातली पोथी घेतल्याशिवाय पाय निघेना, आणि ती घ्यायला हातही उचलेना...

त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं पद फाटक्या आवाजात गेलं. दुसऱ्याला आवाज लागला. ओसरीवर कबुतरं होती, पलीकडं लंगरची भांडी घासली जात होती. मधलं पद आलं. डोळे उघडून त्यानं पाहिलं. चादर संथपणे वरखाली होत होती. श्वास जड झाला होता.

मेहताब थांबला.

पुढचे शब्द त्याला येत होते. एकही विसरला नव्हता. पण त्या पांढऱ्या चादरीपुढं तो पुन्हा त्या दिवसासारखाच उभ्या जगात एकटा पडला.

"बाबाजी... जागे आहात का?"

चादर हलली नाही.

"बाबाजी!"

काहीच नाही. त्याचा हात चादरीच्या टोकाकडं गेला. आता तो उघड उघड रडत होता.

"बाबाजी, ओ द्या हो..."

बऱ्याच वेळानं चादरीतून आवाज आला, अगदी हळू.

"झोपलेल्याला हाक मारू नये, पुत्तर. उरलेला बारीक आवाजात म्हण."