डोंगरापलीकडची दोन नाणी

घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. तिथे गोदूबाई नावाची एक बाई वाटसरूंसाठी पाणपोई चालवायची. तिला प्रत्येक गोष्टीचं भारी कुतूहल.

एकदा तिची घागर गळू लागली, म्हणून ती बाजारात गेली. एक तांबट मुकाट्याने नऊ नाण्यांना घागर विकत होता. त्याच्या शेजारचा मात्र ओरडत होता, "दहा नाणी द्या, दोन परत मिळवा! घागरीच्या गळ्यातली ही चकती डोंगरापलीकडे माझ्या कोठीवर पाठवा. दोन नाणी घरपोच!"

म्हणजे घागर आठालाच पडली की! वाचलेल्या पैशांत पाण्यात टाकायला वाळा येईल, असं म्हणत गोदूबाईने दहा नाणी दिली आणि एका वाटसरूबरोबर चकती पाठवली.

चकती परत आली, सोबत कोठीचा निरोप: "पिवळ्या फडक्यात बांधलेली नाही." तिने पिवळ्या फडक्यात बांधून पाठवली. पुन्हा परत. "आता पौर्णिमा उलटली."

शेजारीण म्हणाली, "सोड गं! मी तर चकती पाठवलीच नाही. कोण ती कटकट करतं?"

पण गोदूबाईला राहवेना. तिथे बसतं तरी कोण? सुनेला पाणपोईवर बसवून ती डोंगर चढून गेली.

कोठीत एक कारकून चकत्यांच्या ढिगाशी बसला होता.

"बाबा, तुझं काम काय रे?"

"चुका काढणं," तो खालमानेने म्हणाला.

"आणि ज्याची चूकच नसेल?"

"त्याला थांबवून ठेवणं. थांबून थांबून माणसं विसरतात, बाई."

पुढच्या बाजारी ती त्या ओरडणाऱ्या तांबटासमोर उभी राहिली. ती कोठीवर जाऊन आल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तिला पाहताच त्याने घाईघाईने दोन नाणी पुढे केली. "घ्या मावशी, पण कुणाला बोलू नका."

"घेते की, माझीच आहेत," गोदूबाई म्हणाली. "पण एक सांगा. ही नाणी तर तुमच्या गल्ल्यातच होती. मग चकतीला डोंगर कशाला चढायला लावलात?"

ती भांडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. भोवतालची गिऱ्हाइकंही उत्तरासाठी थांबली. तांबट घागरी पुसू लागला. एकेक जण शेजारच्या दुकानाकडे वळला.

त्यानंतर तो खरोखरच आठाला घागर देऊ लागला. ओरडायचा, "आठ नाणी! चकती नाही, काही नाही!"

लोक घागर हातात घेत, वाजवून बघत, खाली ठेवत आणि शेजारी जाऊन नऊ नाणी मोजत.

तात्पर्य: द्यायचं ते हातोहात द्यावं. गिऱ्हाईक विसरेल या आशेवर कमावलेला नफा विश्वासाच्या मुदलातून वजा होतो.