तिघांची पेटी

संगणक सुरू होताना धापा टाकत, त्या काळातली ही गोष्ट. एका व्हिडिओच्या पेटीत, म्हणजे फाइलमध्ये, चित्र, आवाज आणि खाली उमटणाऱ्या ओळी असे तिघे राहत. नव्या फोनला ती पेटी उघडेना, म्हणून शरयूताईंनी ती ऑनलाइन रूपांतर करणाऱ्याकडे धाडली.

तो म्हणाला, "नव्या पेटीत दोघांचीच सोय आहे."

"मग ओळींना ठेवा मागे," आवाज म्हणाला. "मी असताना त्या वाचतो कोण?"

चित्राला ते पटलं नाही, पण ते नव्या पेटीत जाऊन बसलं.

नवी पेटी आली आणि ताईंनी जुनी पेटी असलेला संगणक भंगारात दिला. मग फोनवर व्हिडिओ लावला. त्यांचा गेलेला मुलगा समोर बसून बोलू लागला. आवाज जीव तोडून सगळं सांगत होता.

ताईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या पडद्याच्या तळाशी बघत राहिल्या.