दोन नावांचा ओढा

एका गावातून एक ओढा वाहत होता. वरच्या वाडीत त्याला मोतीओढा म्हणत, खालच्या वाडीत गायओढा. खालच्या वाडीची सारी शेते त्याच्या पाण्यावर पिकत. कोणाच्या शेताचा पाट कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे काम उखाजी नावाचा म्हातारा पाटकरी तीस वर्षे करीत होता.

त्याच गावची वैजयंता लांबच्या शहरात संगणक शिकून परत आली. गावाच्या उपयोगी पडायचे, हा तिला ध्यास होता. तिने पाण्याच्या पाळ्यांचा प्रोग्राम लिहिला. सोमवारी प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या पाळीचा वार येई. पाणी मंडळाच्या खोलीत पडद्यावर चालू आठवड्याची यादी दिसे. रोज सकाळी ती वाचून उखाजी पाट उघडी. पाण्यावरून होणारी भांडणे थांबली. लोक वैजयंतेचे कौतुक करू लागले, आणि तिला त्याची सवय झाली.

एका शुक्रवारी खालच्या वाडीचा शेतकरी भिवसन ओरडतच मंडळाच्या खोलीत आला. "आज माझी पाळी होती! हे बघा, फोनवर लिहिलंय. मग पाणी देवकाबाईच्या शेतात कसं? माझं कांद्याचं रोप माना टाकून बसलंय!"

"पडद्यावर देवकाबाईचं नाव होतं," उखाजी म्हणाला.

"पडद्यावर होतं, का तिने दिलेल्या पेरूंच्या टोपलीत होतं?"

लोक हसले. उखाजी हसला नाही. मंडळाचे अध्यक्ष माणिकराव यांनी वैजयंतेला बोलावले. तिने ताडून पाहिले. फोनवर भिवसन होता, पडद्यावर देवकाबाई. ती ठामपणे म्हणाली, "यादी आपणहून बदलत नाही. कोणीतरी तिला हात लावलाय."

तिच्याखेरीज खोलीची किल्ली एकट्या उखाजीकडे होती. माणिकराव म्हणाले, "उद्या दुपारी सभा घेऊ. तिथे नवा पाटकरी ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उखाजी मंडळाच्या खोलीत वैजयंतेला किल्ली द्यायला आला. "मला त्या यंत्राचं एकच बटण ठाऊक," तो म्हणाला. "चालू करायचं. तूच सांग पोरी, यादीचं तू शेवटचं काय केलंस?"

"गुरुवारी पुढच्या आठवड्याची यादी केली, बाबा. चालू यादी घेतली, तिला 'पुढची' असं नाव दिलं आणि त्या पुढचीत माणसं वर-खाली केली. चालू यादीला मी हातसुद्धा लावला नाही."

"दुसरं नाव दिलंस होय." उखाजीने किल्ली टेबलावर ठेवली. "आपल्या ओढ्यालाही दोन नावं आहेत. मोतीओढ्यात कोणी घोंगडी धुतली, की गायओढ्यात फेस येतो."

तो निघून गेला. वैजयंतेने 'पुढची' यादी उघडून तिच्यात एक नाव हलवले. 'चालू' यादीतही तेच नाव हलले. यंत्राने दुसरी यादी केलीच नव्हती. यादी एकच होती, नावे दोन होती. आजवर ती हे काम रविवारी, सगळ्या पाळ्या संपल्यावर करी, म्हणून चूक दिसली नव्हती. या वेळी तिने उत्साहाने ते गुरुवारीच उरकले होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. आधी यादीची नक्कल काढायची, मग त्या नकलेत बदल करायचा. ती ओळ तिने लिहिली. गावात प्रोग्राम वाचणारे दुसरे कोणी नव्हते. ती गप्प राहिली असती, तर कोणाला काही कळले नसते. पण टेबलावर किल्ली पडून होती.

दुपारी सभेत माणिकराव बोलायच्या आधीच ती उभी राहिली. "यादीला हात लावणारी मीच आहे," ती म्हणाली, आणि झाले ते सगळे तिने सांगितले. "मोतीओढा मी ढवळला आणि गायओढा गढूळ झाला म्हणून उखाजीबाबांना दोष दिला."

खालच्या वाडीला हे समजावून सांगावे लागले नाही. मग देवकाबाई म्हणाली, "माझी खरी पाळी उद्या रविवारी होती. ती भिवसनला द्या, मला पाणी मिळालंय. आणि भिवसन, पेरू हवे असतील तर सरळ मागत जा की!"

भिवसनने मान खाली घातली. "चुकलं, तात्या," तो उखाजीला म्हणाला.

वैजयंतेने किल्ली उखाजीच्या हातात ठेवली. "पुढच्या वेळी आधी नक्कल काढ, पोरी," तो म्हणाला. "मी एकच आहे."

रविवारी भिवसनच्या शेतात पाणी गेले. मंगळवारपर्यंत रोपाने माना वर काढल्या. त्या सकाळी उखाजी पाय धुऊन मंडळाच्या खोलीत आला आणि वैजयंतेशेजारी खुर्ची ओढून बसला.

"चल," तो म्हणाला, "आता दुसरं बटण दाखव."

तात्पर्य: दुसरे नाव दिल्याने एका वस्तूच्या दोन होत नाहीत. म्हणून बदल करण्याआधी नक्कल काढावी, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात कुठे होता ते पाहावे.