धुरपाची कोरी भिंत

चैत्रातल्या एका संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं, असं निवदऱ्यात सांगतात. त्या काळी गावात घड्याळ कुठलं? पण त्या दिवसांत आजही याच वेळेला ऊन देवळामागून वळून धुरपाच्या घराला लागतं. म्हणून वेळ पक्की.

भिंत वरच्या आळीला आहे, घराच्या उत्तरेच्या अंगाला. पांढऱ्या मातीची, शेणानं सारवलेली. बाहेरगावची माणसं दुपारी येतात, खालीवर बघतात आणि म्हणतात, इथं तर काहीच नाही. मग गावातली काशाक्का त्यांना पायरीवर बसवते, पाणी देते. "बसा जरा. ऊन कलू द्या," म्हणते, आणि तोवर ही हकिकत सांगते.

फार मागं निवदऱ्यात घरोघरच्या बायका भिंतींवर चित्रं काढायच्या. गेरूच्या रेघा, चुन्याचे ठिपके, काजळाची झाडं, हळदीचा सूर्य. गावच्या देशमुखांनी मात्र लांबून चितारी आणून आपली माडी रंगवून घेतली आणि ती दाखवायला एक मोठा पाहुणा बोलावला. पाहुणा माडीकडं निघाला तो वाटेत धुरपाच्या घरापुढंच थबकला. तिच्या सासूनं भिंतीवर गेरूनं एक हरीण काढलं होतं. दोन-चार रेघांचं, पण पळत होतं म्हणे. भोवतीची सगळी भिंत मोकळी सोडलेली, त्यामुळं त्याला पळायला जागा होती. पाहुणा तिथंच रमला. पुढं माडीत गेल्यावर हत्ती, अंबारी, चवऱ्या, वेलबुट्ट्या सगळं बघून एवढंच म्हणाला, "फार दाटी झालीय."

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली. गावात कुणी भिंतीवर ठिपका द्यायचा नाही, रेघ ओढायची नाही, रंग लावायचा नाही. ज्याच्या घरी दिसेल त्याची भिंत पाडली जाईल. हरणाची भिंत तर त्याच दिवशी पाडली.

धुरपाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आधीची दोन लेकरं तिला राहिली नव्हती. निवदऱ्यात असा समज, की पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते, पण भिंतीवर आपलं रूप दिसलं तरच उंबरा ओलांडते. नाही दिसलं तर तशीच पुढं जाते. दुसऱ्या लेकराच्या वेळी धुरपा तापानं फणफणली होती आणि सटवाई काढायची राहून गेली. ते लेकरू बारशाआधीच गेलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच घोकणं होतं, या खेपेला सटवाई निघायलाच पाहिजे.

मुलगी झाली. धुरपा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय का बघायची, पुन्हा पुन्हा बघायची. चौथ्या दिवशी सासूला म्हणाली, "आत्याबाई, उद्या पाचवी. गेरू कुठं ठेवलाय?"

"गेरूचं नाव काढू नको," सासू म्हणाली. "एका हरणापायी पावसाळाभर गळक्या छपराखाली काढला. आता या तान्हीला घेऊन कुठं जायचं?"

सासूचं खोटं नव्हतं. धुरपा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तेवढ्यात झरोक्यातून कलतं ऊन आत आलं आणि भिंतीला घासून गेलं. तीच ती वेळ. दिवसभर सपाट दिसणारी भिंत एकाएकी जागी झाल्यासारखी झाली. सारवताना सासूची बोटं जिथंजिथं फिरली होती, तो एकेक पट्टा उठून दिसायला लागला. खुंटी ती केवढी, बोटभर. पण तिची सावली हातभर लांब पडली. माती जिथं उचललेली तिथं उजेड, जिथं दबलेली तिथं अंधार. ऊन सरकलं आणि भिंत परत कोरी.

धुरपा ताडकन उठून बसली.

पाचवीच्या सकाळी ती खोलीबाहेर आली. सासू ओरडली, "अगं, बाळंतीण ना तू! बाहेर पाऊल टाकायचं नसतं!"

"मग सटवाईनं आत पाऊल टाकायचं कसं? माती कालवा, आत्याबाई. भुसा बारीक घाला."

उत्तरेच्या भिंतीला दिवसभर ऊन नसतं. सकाळी डोंगर आडवा येतो, दुपारी छप्पर. दिवस कलला की मात्र ते कडेनं घासून जातं. धुरपानं तीच भिंत धरली. ओल्या मातीत तिनं अंगठ्यानं दाबलं, तळव्यानं उचललं, केस विंचरावेत तशी बोटं ओढली. कपाळ झालं, नाक झालं, पुढं केलेला हात झाला, हातात लेखणी झाली. भोवती भिंत मोकळी ठेवली, हरणाभोवती होती तशी. सासू दारात उभी राहून डोळे पुसत होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली, "हनुवटी अजून उचल. उजेड लागायला काहीतरी नको का?"

भर दुपारी देशमुखांचा शिपाई आला. ओली भिंत बघून त्यानं डोळे बारीक केले. "काय चाललंय?"

"सारवतोय," धुरपा म्हणाली. "सारवायलाही मनाई झाली का?"

सावलीत त्याला नुसतं ओबडधोबड लिंपण दिसलं. "बाईला हात नीट फिरवता येत नाही," म्हणून तो निघून गेला.

दिवस कलला. पाचवीला आळीतल्या बायका जमल्या होत्या. ऊन भिंतीला लागलं आणि सटवाई मातीतून वर आली, असं सांगतात. आधी कपाळ, मग नाक, मग तो लिहिता हात. बायकांचा एकच गलका उठला. तो ऐकून देशमुख स्वतः आले.

"कुणी काढलं हे?"

धुरपा लेकीला छातीशी धरून पुढं झाली. "मी. धनी, यात ठिपका दाखवा. रेघ दाखवा. रंग दाखवा. दाखवलात तर भिंत मीच पाडते."

देशमुखांनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला मातीशिवाय काही लागलं नाही. "मग दिसतंय ते काय आहे?"

"ऊन आहे. त्याला मनाई करा."

देशमुख भडकले. उन्हाच्या वाटेत जाऊन शेला पसरून उभे राहिले. सटवाई झाकली गेली खरी, पण तिच्या जागी भिंतीवर पागोटं उमटलं, नाक उमटलं, पोटही उमटलं. मागून सासूचा खणखणीत आवाज आला, "अगं बाई, धन्यांनी आपलंच चित्र काढलं की! आता भिंत आमची पाडायची, का माडीची?"

बायका आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून हसल्या. देशमुख झटकन बाजूला झाले. सटवाई होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत खरवडायला माणसं धाडली. पण तोवर आळीतल्या प्रत्येक घराची उत्तरेची भिंत ओली झालेली. धुरपाची एक खरवडून भागणार नव्हतं. बाकीच्यांत चित्राची कुठली आणि नुसत्या सारवणाची कुठली, दुपारी कळणार कसं? ऊन कलेपर्यंत थांबावं, तर प्रत्येक भिंतीपुढं बाई मांडी घालून बसलेली. माणसं आली तशी परत गेली. धुरपाची लेक जगली, नातवंडं-पतवंडं बघून गेली. काशाक्का तिच्याच वंशातली म्हणे.

देशमुखी कधीच सरली. गेरू आता बाजारात मिळतो, डब्यातले तऱ्हेतऱ्हेचे रंगही मिळतात. पण आजही निवदऱ्यात पाचवीला भिंतीवर रंगाचा थेंब पडत नाही. ओली माती, अंगठा आणि कलतं ऊन, एवढंच. कुणी पाहुणा विचारतोच, "आता मनाई नाही, मग रंग का लावत नाही?" काशाक्का म्हणते, "मनाई त्यांनी उठवली. आम्ही कुठं उठवा म्हटलं होतं?"

तेवढ्यात ऊन वळतं. काशाक्का बोलायची थांबते. पायरीवरची माणसं आपोआप उभी राहतात.

अंधार पडायच्या आत निघणाऱ्यांना ती एकच काम सांगते. "हे पुढं सांगा. तुमच्या गावात कुणी कोऱ्या भिंतीपुढं हात बांधून बसलेली दिसली, तर तिला म्हणावं, ऊन कलेपर्यंत उठू नको."