जीपमध्ये मूळचं काय उरलंय?

मी कॉलेज सोडलं आणि एक मोडकी जुनी जीप आणून अंगणात उभी केली. वर्षभर खपून तिला दुसरं इंजिन बसवलं, डोंगर चढतील अशी जाड चाकं घातली, पत्रा नवा ठोकला. आमचे आजोबा, नाना, रिटायर्ड हेडमास्तर. घर त्यांचं, अंगण त्यांचं आणि जगातली सगळी अक्कलही त्यांचीच. एके दिवशी ते थेट भंगारवाल्याचा टेम्पोच घेऊन आले.

“उचला हे!” नाना गरजले. सगळी आळी गोळा झाली.

“नाना, चालू गाडी आहे ती!”

“गाडी? इंजिन एकीचं, चाकं दुसरीची, पत्रा तिसरीचा. हिच्यात मूळचं काय उरलंय? हिला जीप का म्हणायचं, एवढं सांग. नाहीतर ही निघाली.”

“नाना, तुमचे दात डॉक्टरांनी बसवलेले, डोळ्यांत भिंगं, दोन्ही गुडघे स्टीलचे. मूळचा फक्त आरडाओरडा उरलाय. तरी आम्ही तुम्हाला नानाच म्हणतो ना?”

भंगारवाला तोंड फिरवून हसला. नानांनी माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. मग टेम्पो परत पाठवला, माझा खांदा धरून पुढच्या सीटवर चढले आणि म्हणाले, “घे डोंगराकडं. बघू, कुणाचे सांधे आधी वाजतात.”