चांदणउतरणीची बाज

करंजवेळच्या खाडीच्या तोंडाशी, उत्तरेच्या अंगाला, समुद्राकडे कललेला एक मोठा कातळ आहे. गावात त्याला चांदणउतरण म्हणतात. वरून खालपर्यंत त्याच्यावर वाटीएवढे, करवंटीएवढे खळगे खणलेले आहेत. दोनशेच्या वर असतील. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळीला येतात. बाहेरगावचं कोणी आलं की आधी विचारतं, हे कोणी खणलं आणि कशाला? मग देवीचे पुजारी आप्पा गुरव खांद्यावरचा पंचा कातळावर पसरतात, त्यावर बसतात आणि आवडूआयची गोष्ट सांगतात. ती त्यांनी आजोबांकडून ऐकली, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. किती वर्षांपूर्वीची, ते कोणालाच ठाऊक नाही.

आवडूआय दारूकाम करायची. शोभेची दारू, दिवाळीची. नवरा याच कामातला. तो गेल्यावर तिने घरचा खलबत्ता उचलला आणि धंदा चालू ठेवला. सोरा, गंधक, कोळसा यांचं तिचं माप असं काही होतं, की तिचा भुईनळा माडाच्या शेंड्याला लागायचा आणि तिचा बाण वर जाऊन फुटला की खाडीपलीकडच्या गावातली माणसंही अंगणात यायची, असं सांगतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देवीपुढचा पहिला बाण तिचाच. हा मान तिच्या घराकडे तीन पिढ्यांचा.

पण त्या मानाची किंमत तिने मोजली होती. तिचा एकुलता एक मुलगा नारू सात वर्षांचा असताना तिची पाठ वळल्याचं बघून दारूच्या खोलीत शिरला. ठिणगी कुठून पडली, कळलं नाही; नारू गेला. त्यानंतर आवडूआयने देवीपुढे उभं राहून शब्द दिला, की या गावातल्या एकाही पोराचा हात मी दारूला लागू देणार नाही. काम सोडता येत नव्हतं, पोट त्यावर होतं. शब्द मात्र पाळायचा होता.

आता दारूकाम करणाऱ्या बाईच्या घराकडे पोरं येणार नाहीत, असं होईल का? नवरात्र सरलं की दहा-पंधरा पोरं तिच्या कुडाशी चिकटून उभी राहायची. ओरडून भागेना. मारायला तिचा हात उठेना. शेवटी तिने एक युक्ती काढली. संध्याकाळी ती त्यांना घेऊन पुळणीवर जायची. मुठीमुठीने शिंपले वाटायची आणि म्हणायची, "वर बघा. त्या कृत्तिका. आता डोळे मिटून आठवा, आणि मग खाली वाळूत मांडा. जसं वर आहे तसंच हवं. ज्याचं बरोबर, त्याच्यासाठी दिवाळीला मी माझ्या हाताने एक फुलबाजी जास्त लावीन."

बाण उडवणाऱ्या माणसाला आकाश वाचावंच लागतं, त्यामुळे तिला नक्षत्रं तोंडपाठ होती. पोरांना त्याचा असा नाद लागला, की ती दारूची खोली विसरली. कृत्तिकांचा झुबका, श्रवणाची कावड, मृगाचं तिकांडं, सगळं वाळूत उमटायला लागलं. सर्वांत हौसेने पोरं मांडायची ती म्हातारीची बाज. पंडित ज्याला सप्तर्षी म्हणतात, त्यालाच आपल्याकडे बाज म्हणतात. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवायला आलेले तीन चोर. पण दिवाळीच्या दिवसांत बाज संध्याकाळी दिसत नाही. ती पहाटे उगवते. ती बघायला पोरं नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर ओल्या केसांनी पुळणीवर धावायची. होडी हाकणाऱ्या धाकू तांडेलाची मथुरा त्या सगळ्यांत हुशार. दहा वर्षांची पोर, पण तिचा शिंपला कधी चुकायचा नाही.

गावातली मोठी माणसं हसायची. विसोबा मानकरी तर तोंडावर म्हणायचे, "आवडू, चांदण्या मोजून पोरांची पोटं भरणार आहेत काय?"

एका वर्षी काय झालं, म्हणे, धनत्रयोदशीच्या पहाटे गावातल्या तीन होड्या सुरमईला बाहेर पडल्या. पुढे धाकू तांडेलाची, मागे दोन. तिन्ही मिळून एकवीस माणसं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत परत यायचा बोल होता. पण चतुर्दशीला दर्या फिरला. दिवसभर वारा घोंघावला, पाऊस झोडपून गेला. अमावास्येला दुपारी वारा पडला, पण आभाळ काही उघडलं नाही. काळे ढग माडांना टेकल्यासारखे खाली आले. दुपार गेली, दिवस कलला, तरी होड्या दिसेनात.

करंजवेळच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली कासवखडक आहे. उतरणीला नाकासमोर धरून होडी हाकली तर खडक डाव्या हाताला राहतो आणि होडी सुखरूप आत येते. जरा इकडेतिकडे झालं की तळ फाटलाच. दिवसा उतरण दिसते. अंधारात तांडेल चांदण्यांवरून दिशा धरतात. त्या संध्याकाळी ना उतरण दिसणार होती, ना चांदणी.

अंधार पडायला लागला तशी आवडूआयने आपले बाण बाहेर काढले. वर्षभराची मेहनत होती. उतरणीच्या माथ्यावर उभी राहून तिने पहिला सोडला. तो सूंऽ करत वर गेला आणि ढगात शिरला. आत कुठेतरी पिवळट उजेड झाला, तेवढाच. दुसरा सोडला, तिसरा सोडला. तेवढ्यात दक्षिणेकडच्या गावातूनही एक बाण उडाला. मग उत्तरेकडून दोन. दिवाळीच होती ती. किनाऱ्यावरच्या प्रत्येक टेकाडावर दिवे होते, प्रत्येक गावातून बाण उडत होते. होडीतल्या माणसांनी त्यांतला आपला कोणता, हे ओळखायचं कसं?

चौथा बाण तिच्या हातातच राहिला. ज्या बाणासाठी खाडीपलीकडची माणसं अंगणात यायची, तो आज आपल्याच माणसांच्या कामाचा नव्हता. ती कातळावर खाली बसली.

तिच्याजवळ मथुरा उभी होती. बाप दर्यावर असलेली पोर, पण रडत नव्हती. ती म्हणाली, "आये, बाण नको गो. इथे बाज मांडू या."

"कसली बाज?"

"दिव्यांची. या उतरणीवर. बाबाला बाज ठाऊक आहे. आता संध्याकाळी बाज आभाळात नसते, हेही ठाऊक आहे. दिसली, तर ती आपणच मांडली, हे त्याला कळेल. दुसऱ्या गावातल्या पोरांना कुठे बाज मांडता येते?"

आवडूआय उठली आणि उतारावरून धावत गावात आली. तेव्हा ती साठीच्या पुढची होती.

सात चांदण्या दर्यावरून दिसायच्या, तर एकेका चांदणीला तीस-चाळीस पणत्या एकत्र लागणार होत्या. तेवढ्या पणत्या गावात होत्या, पण त्या सगळ्या उंबऱ्यांवर लागलेल्या होत्या, आणि घराघरात पूजा मांडलेली होती. विसोबा मानकरी आडवे आले. "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उंबऱ्यावर अंधार करायचा? आलेली लक्ष्मी दारातून मागे फिरेल!"

"भावोजी," आवडूआय म्हणाली, "आपली लक्ष्मी दर्यावर आहे. तिला आधी वाट दाखवू. ती घरात आली, की उंबरा उजळायला किती वेळ लागतो?"

मग मथुरेच्या आईने पुढे होऊन आपल्या दारातल्या पणत्या विझवल्या आणि सुपात भरल्या. तिला बघून शेजारणीने भरल्या. थोड्या वेळात सगळं करंजवेळ काळोखात बुडालं आणि बायकापोरांची रांग सुपं, टोपल्या, तेलाच्या बुधल्या घेऊन उतरणीकडे निघाली. शेवटी विसोबाही आले. त्यांच्या हातात देवघरातली समई होती.

मोठी माणसं तेल घालत होती, वाती पेटवत होती, वाऱ्याला आडोसा म्हणून दगड रचत होती. कुठे काय मांडायचं, ते मात्र पोरं सांगत होती. मथुरा पावलं मोजत कातळावर फिरत होती. "इथे पहिला खूर. तिकडे दुसरा. अजून लांब, अजून!" आवडूआय खाली पुळणीवर जाऊन उभी राहिली, कारण दर्यावरून कसं दिसतं ते तिथूनच कळणार. चार खूर लागले, मागे दोन चोर लागले, तिसरा लागला आणि ती ओरडली, "तिसरा चोर चुकला! सरळ रेघेत आलाय!" उतारावर मध्ये उभी असलेली पोरं तोच शब्द वर ओरडली. वर एक चिमुरडा म्हणाला, "तिसरा खाली वाकलेला असतो," आणि चाळीस पणत्या उचलून माणसांनी त्या पंधरा पावलं खाली आणल्या.

मग थांबणं आलं. तेल संपत आलं की बायका ओतत होत्या.

तिकडे दर्यावर धाकू तांडेल डोळे ताणून किनारा बघत होता. सगळीकडे दिवेच दिवे, आणि त्यांतला एकही ओळखीचा नाही. तेवढ्यात वल्ह्यावरचा गडी म्हणाला, "तांडेला, आभाळ उघडलं. ती बघ बाज."

धाकूने बघितलं. चार खूर, तीन चोर. तिसरा वाकलेला. मग त्याने वर बघितलं. वर ढगच होते.

"या वेळेला बाज आभाळात नसते रे," तो म्हणाला. "ती आमच्या पोरीने मांडलीय. नाक तिच्यावर धर. खडक डावीकडे."

पहिली होडी आली. तिच्यामागून दुसरी. तिसरीचं शीड फाटलेलं होतं, ती पाण्याच्या ओढीला लागून कासवखडकावर आदळली आणि फुटली. पण तिच्यातली सातही माणसं बाजेकडे तोंड करून पोहत आली, आणि पुळणीवरच्या माणसांनी गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन त्यांना ओढून घेतलं. एकवीस गेली होती, एकवीस आली. त्यानंतर बायकांनी उतरणीवरून एकेक पणती उचलली, आणि करंजवेळचे उंबरे उजळले.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला आवडूआय देवीपुढे गेली. पहिल्या बाणाचा तीन पिढ्यांचा मान तिने देवीच्या पायाशी ठेवला. म्हणाली, "आई, आजपासून पहिला उजेड पोरांचा." दारूच्या खोलीतला खलबत्ता तिने धुऊन पुसून घरात नेला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन उतरणीवर आली. पुढच्या वर्षी वाऱ्याने पणत्या विझू नयेत, म्हणून आधी बाजेच्या सात जागा खोल केल्या. मग कृत्तिका, मग रोहिणी. दर वर्षी एक-दोन नक्षत्रं. तिच्या पोटापाण्याचं तिन्ही तांडेलांनी आपसांत वाटून घेतलं होतं. पोरांना ठरलेल्या खळग्यांत दिवे लावणं सोपं पडायला लागलं, तेव्हा तिने हसत हसत मध्येमध्ये खोटे खळगेही खणले, म्हणे. नीट शिकलेल्यालाच खरी चांदणी सापडावी! तिच्या हातून बारा नक्षत्रं झाली. उरलेली मथुरेने आणि तिच्या बरोबरीच्यांनी मोठेपणी पुरी केली.

इथवर आले की आप्पा गुरव पंचा झटकून उठतात आणि खाली दर्याकडे बोट करतात. होड्यांना आता इंजिनं आहेत, वाट दाखवणारी यंत्रं आहेत. पण करंजवेळची पोरं नवरात्रापासून आकाश शिकायला बसतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे ओल्या केसांनी खरी बाज बघायला जातात.

आजही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पोरांची होडी परत येईपर्यंत, गावात एकाही उंबऱ्यावर दिवा नसतो. पोरांपैकी मोठी असतात ती एका होडीतून खाडीबाहेर, एकेक दिवा दिसेल इतक्या अंतरावर, जाऊन थांबतात. धाकटी उतरणीवर दिवे लावतात. कोणतं नक्षत्र लावायचं, ते धाकट्यांनी आपसांत ठरवलेलं असतं. मोठ्यांनी ते ओळखायचं. एक दिवा जरी खोट्या खळग्यात लागला, तरी होडी जागची हलत नाही. सगळं गाव काळोखात उभं असतं, आणि वर पोरांची घाई चालू असते. हा नव्हे, त्याच्या खालचा, अगं, अजून डावीकडे! मग कोणाच्या तरी चिमुकल्या हाताने तो दिवा योग्य जागी जातो, आणि दर्यावरची होडी गावाकडे वळते.