दयाळाचं बिनरंगी घर

डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणावर, रंगाळी नावाचं एक गाव होतं. तिथे घरोघरी लाकडाची खेळणी बनायची. लाल घोडे, पिवळे हत्ती आणि हिरव्या-जांभळ्या इवल्या इवल्या बाहुल्या. रंगाचा तर तिथे एवढा सोस, की बिनरंगाचं लाकूड फक्त चुलीतच दिसायचं. कुणाचा साधा पाट रंगवायचा राहिला, तरी शेजारीण नाक मुरडून विचारायची, "का गं, पाट नागडाच ठेवलास?"

या गावात नलू राहायची. वय वर्षं नऊ, केसांच्या दोन शेपट्या आणि गालावर कुठला ना कुठला रंग लागलेला. तिची आई ती तान्ही असतानाच देवाघरी गेली होती. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा म्हणजे रंगाळीतला सगळ्यांत कसबी माणूस. पण आश्विनातल्या वादळात अंगणातला फणस कोसळला आणि नेमका बाबांचा उजवा हात त्याखाली सापडला. हाड जुळलं, जखम भरली, पण बोटं मिटली ती मिटलीच. वैद्यबुवा म्हणाले, "हात कामाला लावा, हळूहळू मोकळा होईल." बाबांनी काही तो लावला नाही. ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागले. घरात कधी पेज शिजायची, कधी शेजारच्या भागाकाकू भाकरी आणून द्यायच्या, आणि कधी तेही नसायचं.

नलूला भुकेचं एवढं काही वाटत नसे. तिला वाईट वाटायचं ते बाबांच्या पाठीचं. सकाळी उठावं तर पाठ, शाळेतून यावं तर पाठ. बाबांचं तोंड कसं दिसतं हे आपण विसरून जाऊ, अशी तिला भीती वाटायची.

फणस होता तेव्हा त्याच्या ढोलीत दयाळाची जोडी राहायची. दयाळ म्हणजे काळा-पांढरा, शेपटी वर करून ऐटीत बसणारा, गोड गोड शीळ घालणारा पक्षी. त्याची शीळ ऐकली की बाबा टुणकन उठून कामाला बसत. फणस गेला, ढोली गेली आणि दयाळही अंगणातून गेला. 'दयाळ परत आला की बाबा उठतील,' असं नलूच्या मनाने घेतलं.

चैत्र लागला. घरट्यासाठी जागा शोधत दयाळाची जोडी कुंपणावर येऊन बसू लागली. मग नलूने बाबांची अर्धवट राहिलेली खेळण्यांतली तीन घरं उचलली. प्रत्येकाला लिंबाएवढं गोल दार होतं. रंगाळीचीच पोर ती! तिने एक घर लालचुटुक रंगवलं, एक पिवळंधमक, एक निळंशार. बाहेरूनच नाही, आतूनसुद्धा. वर रोगणाचा चकचकीत हात दिला, दाराशी बसायला काडी लावली आणि बांबू रोवून तिन्ही घरं अंगणात टांगली. उजाड अंगण एकदम जत्रेसारखं दिसू लागलं. पण दयाळ काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल घरातून बारीकसा आवाज आला. "अगं कुणी आहे का? चिकटले मी!"

नलूने आत डोकावलं. आत अंगठ्याएवढी एक परी होती! झगा जास्वंदीच्या पाकळीचा, केसांत दवबिंदूंची माळ, आणि चिमुकले चंदेरी पंख ओल्या रंगात पार रुतलेले.

"रडू नको हं परीताई," नलू म्हणाली. तिने धावत जाऊन खोबरेल आणलं. घरात तेवढंच उरलेलं, वाटीच्या तळाशी. बोटाच्या टोकाने थेंब थेंब लावत तिने परीला अलगद सोडवलं.

परीने पंख झटकले तशी अंगणभर चमचम उडाली. "गुणाची गं बाई माझी! माग, तीन गोष्टी माग. पण नियम आहेत हं. मागशील ती गोष्ट या घराच्या दारातून जाईल एवढीच हवी. कुणाच्या मनावर जबरदस्ती चालायची नाही. आणि काय ते सूर्य मावळायच्या आत मागायचं."

"माझ्या बाबांचा हात बरा कर!"

"हात केवढा आणि दार केवढं! तो कसा जाईल?"

"मग दयाळाला इथे राहायला सांग."

"ती झाली जबरदस्ती."

नलूने डोकं खाजवलं. घरं आणखी सुंदर केली तर दयाळ आपणहून येईल, नाही का? "मग सोनेरी रंग दे. छोटीशी कुपी."

"नक्की?" परीने विचारलं आणि गालातल्या गालात हसत टिचकी वाजवली.

सोनेरी रंगाने तिन्ही घरं अशी लखलखली, की भागाकाकू तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या. दयाळांनीही पाहिलं आणि ते भुर्रकन थेट नदीपलीकडे उडून गेले. नलूचे डोळे भरून आले.

"परीताई, पाखरांना हवंय तरी काय? मला त्यांचं बोलणं कळू दे. शब्द तर या दारातून जातात ना?"

"कितीही मोठे असले तरी जातात," परी म्हणाली.

थोड्या वेळाने दयाळांची जोडी कुंपणावर परतली. "केवढं चकाकतंय! डोळे दिपतात माझे," मादी कुरकुरत होती. "आणि तो वास! बरं, आतून इतकं गुळगुळीत, की पिल्लं दारापर्यंत चढायची कशी? त्यांना खरखरीत लाकूड नको का नखं रुतवायला? वर दाराशी ती काडी. कावळ्याला बसायला पाटच मांडलाय जणू! अहो, दोन दिवसांत जागा मिळाली नाही तर अंडी कुठे घालू मी?"

नलूने कपाळावर हात मारला. रंगाळीतल्या शहाण्या मुलीने ज्याला सजावट म्हटलं, तेच पाखरांना नको होतं! पडलेल्या फणसाचा एक गोल ओंडका परसात होता, सालीसकट, खडबडीत. तिने बाबांची पटाशी आणि हातोडा आणला आणि ओंडका पोखरायला घेतला. दुपार टळली, तळहाताला फोड आले, पण ओंडक्यात सुपारीएवढाही खड्डा पडेना.

तेवढ्यात तिला सुचलं. औषध! हात दारातून जात नाही, पण औषधाची पुडी जाईल की! ती आनंदाने उड्या मारत परीकडे गेली. परी तगरीच्या पानावर मलूल बसली होती. तिच्या पंखाच्या सांध्यात लाल रंगाचा एक ठिपका वाळून दगडासारखा झाला होता.

"उडता येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "आणि परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही. सूर्य मावळेपर्यंत उडाले नाही, तर मी साधी पाकोळी होऊन राहीन. पण तू तुझं माग, बाळा. तुझा हक्क आहे तो."

नलूने वाटीतलं उरलंसुरलं तेल चोळून पाहिलं. ठिपका निघेना. सूर्य डोंगराला टेकला. तिला बाबांची पाठ दिसत होती, आणि आपल्याच रंगाने जायबंदी झालेला तो इवला पंखही. तिने घट्ट डोळे मिटले. "परीताईच्या पंखावरचा ठिपका जाऊ दे," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

ठिपका गळून पडला. परीने नलूच्या ओल्या गालाची इवलीशी पापी घेतली आणि ती वर झेपावली. "सुखात राहा गं, राणी!" गुलाबी, केशरी, मोरपंखी असा प्रकाशाचा लोट उसळला, दारा-खिडक्यांतून घरात शिरला, आणि त्यातच परी दिसेनाशी झाली.

खाटेवर बाबांच्या समोरची काळवंडलेली भिंत रंगांनी नाचू लागली. आयुष्यभर रंगात वावरलेला माणूस तो, पण असे रंग त्याने कधी पाहिले नव्हते. बाबांनी कूस बदलली. मग उठून ते दारात आले. बाहेर तो रंगीत प्रकाश केव्हाच विरला होता. ओंडक्याला टेकून त्यांची लेक रडत होती, आणि तिच्या तळहातांतून रक्त येत होतं.

"अगं, पटाशी अशी धरतात होय?" बाबा ओरडलेच. "आण इकडे!"

त्यांनी पटाशी डाव्या हातात घेतली. उजव्या मुठीच्या फटीत हातोड्याचा दांडा कसाबसा सरकवला आणि घाव घातला. कळ मस्तकात गेली. "आई गं!" म्हणत त्यांनी दुसरा घातला, मग तिसरा. नलू डोळे पुसत सगळं सांगत राहिली आणि बाबा ठोकत राहिले. अंधार पडला तेव्हा थांबले आणि उजाडताच पुन्हा बसले. दुपारी घर तयार झालं. बाहेरून साल तशीच, आतून खरखरीत, लिंबाएवढं दार, आणि काडी नाही. सोनेरी घरं उतरवून त्यांनी ते बांबूवर टांगलं.

"अरे देवा, नागडंच?" भागाकाकू कुंपणावरून म्हणाल्या.

"श्श!" बापलेक एकदम म्हणाले.

दयाळाची मादी आली होती. ती दारावर बसली, मान तिरकी करून आत डोकावली, उडून गेली. नलूचा जीव टांगणीला लागला. मादी परत आली. चोचीत वाळक्या गवताची काडी होती. ती टुपकन आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती.

"बाबा, राहिली! राहिली ती!"

बाबांनी नलूच्या डोक्यावर हात ठेवला. तो डावा असेल असं तिला वाटलं, पण डाव्या हाताने तर ते डोळे पुसत होते. तिच्या केसांतून फिरत होता तो उजवा हात, आणि त्याची पाचही बोटं उघडी होती.

दयाळाला घर मिळालं आणि नलूला तिचे बाबा मिळाले. जो जो वाट पाहतो आहे, त्याच्याही अंगणात असंच कुणी येवो.